पाणी स्वच्छ आलं, मग ट्रान्सप्लांट कशाला?

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बहिणीचा मुलगा, वय ९. सातव्या वर्षी छातीत गाठ निघाली, टी सेल लिम्फोब्लास्टिक लिम्फोमा (टी जातीच्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर), केमो पूर्ण झाली, गाठ विरघळली, मग मेंटेनन्सच्या गोळ्या. वीस महिने सगळं छान आणि मग सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखायचं, उलटी व्हायची, गावात पित्ताचं औषध झालं, आठवड्याने एक डोळा आत वळला आणि पाठीतल्या पाण्यात, म्हणजे मेंदू आणि मणक्यांभोवतीच्या पाण्यात, कॅन्सरच्या पेशी सापडल्या. पेट स्कॅन (अख्ख्या शरीराचा) आणि बोन मॅरो (हाडांतला मगज) क्लीन. पाठीत तीन इंजेक्शनं झाली, पाणी स्वच्छ आलं, पोरगं परत क्रिकेट खेळायला लागलं आणि आता डॉक्टर म्हणतात मोठी केमो, शेक म्हणजे रेडिएशन, आणि वर बोन मॅरो ट्रान्सप्लांट. तुम्ही विचारताय की पाणी स्वच्छ आलंय तर एवढं सगळं कशाला, शेकाने पोरगं मंद होईल का, आणि ताईच्या डोक्यात भुंगा आहे की गोळ्या दोन-चार दिवस चुकल्या म्हणून हे झालं का.

मी लहान मुलांच्या कॅन्सरमध्येच काम करतो, २२ वर्षं झाली. फाईल न बघता अमुक द्या तमुक देऊ नका असं मी सांगणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं, पण ते असं का म्हणतायत ते नक्की सांगू शकतो. आणि आधी एक स्पष्ट बोलतो, रागावू नका. सगळ्यात धोक्याची वेळ पेशी सापडल्या ती नव्हती, ती आत्ता आहे, कारण आत्ता पोरगं बरं दिसतंय. ह्या टप्प्यावर घरी निघून गेलेली मुलं मी पाहिलीत. दोन-तीन महिन्यांनी परत येतात तेव्हा आजार पाण्यात असतोच, वर मॅरोमध्येही असतो, आणि मग आमच्या हातात फार काही उरत नाही.

आता छातीतली गाठ गेली तरी डोक्यात कसं आलं. मेंदूच्या रक्तवाहिन्यांची भिंत फार घट्ट विणीची असते, रक्तातली बरीचशी औषधं ती आत सोडत नाही, एरवी हे आपल्या फायद्याचं पण इथे उलटं पडतं. आजाराच्या चार पेशी सुरुवातीलाच मेंदूच्या आवरणात जाऊन बसलेल्या असतात, बाहेर केमोचा मारा चालू असतो आणि ह्या आत दबा धरून. हे कळायला डॉक्टर लोकांनाही वेळ लागला. साठच्या दशकात ल्युकेमियाची (रक्ताचा कॅन्सर, तुमच्या भाच्याच्या आजाराचा भाऊच) मुलं गोळ्या-इंजेक्शनांनी बरी व्हायची, घरी जायची आणि त्यातली निम्म्याहून जास्त पुढे मेंदूच्या आवरणात आजार उलटून परत यायची. अमेरिकेत मेम्फिसला सेंट ज्यूड हॉस्पिटलमध्ये डोनाल्ड पिंकेल होते, त्यांनी १९६७-६८ च्या सुमारास ठरवलं की तिथे आजार दिसायची वाटच बघायची नाही, आधीच डोक्याला शेक आणि पाठीतून मेथोट्रेक्सेट द्यायचं, आणि पहिल्यांदाच जवळपास निम्मी मुलं कायमची बरी झाली. तुमच्या भाच्याला पहिल्या ट्रीटमेंटमध्ये पाठीतून जी इंजेक्शनं दिली ती ह्याच कारणाने, तिथे आजार दिसत नव्हता तरी. त्यामुळे बहुतेकांचं निभावतं, काहींचं नाही.

पाठीतल्या सुईबद्दल थोडं जास्त लिहितो कारण सगळे पालक तिलाच घाबरतात आणि तिच्याबद्दल नीट कुणी सांगत नाही. मुलाला कुशीवर झोपवायचं, गुडघे पोटाशी, हनुवटी छातीला, अगदी मुटकुळं करून. सुई कमरेच्या खालच्या मणक्यांमध्ये जाते, तिथे कण्यातला मज्जारज्जू संपलेला असतो आणि नुसते नसांचे धागे पाण्यात तरंगत असतात, त्यामुळे सुईने लकवा होतो ही भीती काढून टाका. पाणी थेंब थेंब पडतं, स्वच्छ, नळाच्या पाण्यासारखं, ते छोट्या बाटल्यांमध्ये घ्यायचं आणि जेवढं काढलं साधारण तेवढंच औषध आत द्यायचं. मेथोट्रेक्सेट पिवळंधमक असतं, सिरिंजमध्ये लगेच ओळखू येतं. त्यासोबत बऱ्याचदा सायटाराबिन आणि हायड्रोकॉर्टिसोन, तीन औषधं मिळून. मग अर्धा-पाऊण तास डोकं खाली ठेवून पडून राहायचं म्हणजे औषध वरपर्यंत पसरतं, आणि नेमकं तेव्हाच पोरांना सू लागते.

ह्यात एक गंमत आहे, म्हणजे डोस वजनावर नसतो, वयावर असतो. तीन वर्षांच्या मुलाला १२ मिलिग्रॅम आणि तुम्हाला मला द्यायची वेळ आली तरी १२, कारण मेंदूभोवतीचं पाणी तीन-चार वर्षांच्या वयातच मोठ्या माणसाइतकं झालेलं असतं.

दुसरी गोष्ट गंमत नाही. व्हिन्क्रिस्टिन नावाचं औषध आहे, शिरेतून दिलं तर उत्तम, चुकून पाठीतून गेलं तर जवळपास हमखास मृत्यू. जगात असं पुन्हा पुन्हा घडलंय, २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यावर वेगळी सूचना काढली. आमच्याकडे पाठीचं इंजेक्शन ज्या खोलीत देतात तिथे व्हिन्क्रिस्टिन येतच नाही, आणि ते सिरिंजमध्ये न भरता छोट्या सलाईनच्या पिशवीतून देतो. तुम्हीही विचारू शकता की आज पाठीत काय जाणार आहे, लेबल दाखवा. चांगली सिस्टर रागावत नाही.

आणि ते पाणी लॅबमध्ये लगेच जायला हवं. पेशी त्यात तासाभरात मरायला, फुटायला लागतात. बऱ्याच वर्षांपूर्वी मी जिथे होतो तिथे एका मुलीचं सॅम्पल काउंटरवर जेवणाच्या सुट्टीत पडून राहिलं, रिपोर्ट आला पेशी नाहीत, सगळे खूश, आणि चौथ्या दिवशी तिचं तोंड एका बाजूला वाकडं झालं. परत पाणी काढलं तर पेशींनी भरलेलं. तेव्हापासून मी सॅम्पल स्वतः घेऊन जिना उतरायचो, लोक हसायचे. आता फ्लो सायटोमेट्री नावाची तपासणी आहे, तिच्यात थोड्याशा पेशीही पकडता येतात, ती करून घ्याच. आपल्याकडे तर जास्तच गरजेची, कारण पाण्यात लिम्फोसाइट (एका जातीच्या पांढऱ्या पेशी) वाढलेत एवढ्यावरून टीबीचा मेंदूज्वरही असू शकतो आणि केमोवरच्या मुलाला तो सहज होतो. दोन्हीची औषधं एकदम वेगळी.

आता मुद्द्यावर. पाणी स्वच्छ झालं ना, मग? पाठीतून दिलेलं औषध पाण्यात पसरतं आणि मेंदूच्या पृष्ठभागापासून काही मिलिमीटरच आत जातं, त्याच्या पलीकडे नाही. भिंतीवरची वाळवी झाडली म्हणजे चौकटीतली गेली असं होत नाही ना, तसंच आहे हे. तीन सुयांमध्ये पाणी स्वच्छ होणं ही चांगलीच बातमी आहे, पेशी अजून औषधाला दाद देतायत असा त्याचा अर्थ, पण तो शेवट नाही. आणि दुसरं म्हणजे मॅरो क्लीन आला तरी आम्ही तो पूर्ण क्लीन मानत नाही. नुसत्या डोक्याचा इलाज करून सोडलेली मुलं पुढे मॅरोमध्ये उलटतात हा जुना कडू अनुभव आहे. म्हणून डोक्यात आलेला आजार हा अख्ख्या शरीराचा आजार समजूनच औषध द्यायचं, फक्त औषधं अशी निवडायची की जी डोक्यातही पोचतील. मी ज्युनिअर डॉक्टरांना प्रत्येक औषधाला एकच विचारायला लावतो, तू तिथे पोचतोस का.

मेथोट्रेक्सेट एरवी फारसं पोचत नाही, पण डोस प्रचंड वाढवला तर पोचतं. दर चौरस मीटरला ५ ग्रॅम, २४ तासांत सलाईनमधून. एवढं विष दिल्यावर ते वेळेत बाहेर काढावं लागतं, नाहीतर किडनी आणि तोंडाची पार वाट लागते, म्हणून बायकार्बोनेट घालून सलाईन जोरात चालू ठेवायचं आणि साधारण ४२ व्या तासापासून ल्युकोव्होरिन नावाचा उतारा सुरू करायचा. रक्तातली लेव्हल ठरल्याप्रमाणे खाली येईपर्यंत सुट्टी नाही. ह्यात अर्धं काम आईचं असतं. लघवी आम्लधर्मी झाली तर औषध किडनीत खड्यासारखं बसतं, म्हणून प्रत्येक लघवीला पट्टी बुडवून रंग बघायचा, ७ च्या वर हवा. आमच्या वॉर्डात रात्री दोन वाजता बायका मोबाईलच्या उजेडात पट्टी डबीवरच्या रंगांशी जुळवत बसलेल्या असतात, रंग कमी वाटला की सिस्टरला हाक. एक आजी होत्या, अक्षरओळख नाही, पण पट्टीचा हिरवा त्या माझ्यापेक्षा अचूक सांगायच्या.

त्या दिवसांत घरून काहीही देऊ नका. शनिवार-रविवारची सेप्ट्रान डॉक्टर थांबवायला सांगतील ती थांबवा, तापाला आयबुप्रोफेन नको, गॅसची गोळी नको, फॉलिक ॲसिड असलेलं टॉनिक नको. ह्यातल्या काही गोष्टींनी औषध शरीरात अडकून राहतं, टॉनिकाने औषधाचीच धार जाते. कुणीतरी नात्यातला माणूस पपईच्या पानांचा रस घेऊन येतोच येतो, त्याला दारातूनच चहा पाजून परत पाठवा.

दुसरं औषध हाय डोस सायटाराबिन, तेही पोचतं. त्याने डोळे लाल होतात म्हणून स्टिरॉइडचे थेंब घालावे लागतात, आणि छोट्या मेंदूवर परिणाम होऊ शकतो म्हणून प्रत्येक डोसच्या आधी मुलाकडून कागदावर नाव लिहून घ्यायचं. अक्षर कालच्यापेक्षा वाकडं आलं तर औषध थांबवायचं. इतकी साधी टेस्ट आहे, वही आणि पेन्सिल. स्टिरॉइडमध्ये प्रेडनिसोलोनपेक्षा डेक्सामेथासोन डोक्यात जास्त पोचतं म्हणून ते देतात, पोरगं रात्री तीनला पोहे मागेल, चिडेल, रडेल, ते औषध बोलतंय, पोरगं नाही.

टी सेलसाठी खास औषध नेलाराबिन. अमेरिकेतल्या एएएलएल ०४३४ ह्या मोठ्या अभ्यासात टी सेल ल्युकेमियाच्या मुलांना पहिल्या ट्रीटमेंटमध्येच हे जोडलं तर डोक्यात उलटण्याचं प्रमाण ६.९ टक्क्यांवरून १.३ वर आलं, खरंच मोठा फरक. त्याच अभ्यासात लिम्फोमाच्या मुलांना मात्र ठळक फायदा दिसला नाही. आजार उलटल्यावर ते देतात पण महाग आहे, आणि हातापायांत मुंग्या, अशक्तपणा, कधी कधी चालणंच बंद असा नसांचा त्रास होऊ शकतो. जे औषध नसांना त्रास देतं ते नसांच्याच आजारात द्यायचं, तेव्हा डॉक्टर कचरतायत असं वाटलं तर ते त्यांच्या अनुभवामुळे असेल, पैशांमुळेच असेल असं धरून चालू नका.

शेक. ताईला सांगा, मंद हा शब्द मनातून काढून टाका. डोक्याच्या शेकाचा परिणाम होतो, खोटं बोलत नाही. विचार करायचा वेग कमी होतो, नवीन गोष्ट लक्षात राहायला वेळ लागतो, गणित जड जातं, काहींची उंची कमी राहते आणि वाढीच्या हार्मोनची तपासणी लागते, फार वर्षांनी दुसरी गाठ होण्याचा थोडा धोकाही असतो. पण जेवढं वय लहान आणि डोस मोठा तेवढं नुकसान जास्त. तीन वर्षांचं पोर आणि २४ ग्रे (ग्रे हे शेकाचं माप) ही एक गोष्ट, नऊ वर्षांचं आणि १८ ग्रे ही दुसरी. माझ्याकडची अशी मुलं आज कॉलेजात आहेत, कुणाला पेपरला जास्त वेळ लागतो, कुणी कॉमर्सला गेलं कारण सायन्स झेपेना. चालतंय की.

शेक कधी द्यायचा ह्यात खरं कसब आहे. आधी शेक देऊन मग मोठं मेथोट्रेक्सेट दिलं तर मेंदूचा पांढरा भाग खराब होण्याचा धोका फार वाढतो, म्हणून क्रम असा की मेथोट्रेक्सेट आधी, शेक नंतर. ल्युकेमियातला एक अमेरिकन अभ्यास आहे, पीओजी ९४१२, त्यात फक्त डोक्यात उलटलेल्या बी सेलच्या (बी जातीच्या पेशींच्या आजाराच्या) मुलांना वर्षभर दणकून केमो दिली आणि शेक १२ महिन्यांनी. पहिल्यांदा बरं झाल्यापासून १८ महिन्यांनंतर उलटलेल्यांपैकी साधारण ७८ टक्के मुलं चार वर्षांनी आजाराशिवाय होती, १८ च्या आत उलटलेल्यांत ५२. त्यात ट्रान्सप्लांटही नव्हता. हे वाचून तुम्ही म्हणाल मग आम्हाला का, तर तो बी सेल होता. टी सेल वेगळं जनावर आहे. लिम्फोब्लास्टिक लिम्फोमा एकदा उलटला की जर्मन बीएफएम गटाच्या जुन्या आकड्यांत फक्त १४ टक्के मुलं वाचली, आणि जी वाचली ती बहुतेक दुसऱ्याच्या मॅरोवर वाचली. फक्त डोक्यात आणि उशिरा उलटलेल्याचं त्यापेक्षा बरं असावं असं माझं मत आहे, पण ते मत आहे, आकडा नाही. म्हणून ट्रान्सप्लांट. पाणी आणि मॅरो दोन्ही स्वच्छ असतील तेव्हाच तो करायचा असतो, आजार भरलेला असताना करून उपयोग नसतो, त्यामुळे पाणी स्वच्छ आलंय हे ट्रान्सप्लांट टाळायचं कारण नाही, तीच त्याची वेळ आहे.

त्यात डोनर लागतो. सख्ख्या भावंडाशी पूर्ण मॅच व्हायची शक्यता चारात एक, नाही झालं तर आई किंवा वडील अर्धे मॅच असतातच, आता तसाही करतात. ट्रान्सप्लांटच्या आधी अख्ख्या शरीराला शेक देतात, साधारण १२ ग्रे, तीन दिवसांत सहा वेळा, आणि डोक्याला वर थोडा जास्तीचा, म्हणजे डोक्याचा शेक त्यातच उरकतो. हा शेक नको, केमोवरच भागवा असं पालक म्हणतात, मलाही वाटायचं, पण फोरम नावाच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात चार वर्षांवरच्या ल्युकेमियाच्या मुलांत दोन वर्षांनी शेकवाली ९१ टक्के जिवंत आणि नुसत्या केमोवाली ७५, तेव्हा माझं तोंड बंद झालं. अख्ख्या शरीराचा शेक सगळ्या हॉस्पिटलांत होत नाही, त्यामुळे जिथे ट्रान्सप्लांट करणार तिथे हे आधी विचारा. मुंबईत राहायचा प्रश्न आला तर सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स बाहेरगावच्या कुटुंबांना मोफत ठेवतात, अर्ज हॉस्पिटलच्या सोशल वर्करमार्फत करा. त्यांना पहिल्याच दिवशी भेटा, पैसे संपल्यावर नाही.

हे सगळं टी सेलचं झालं. दुसऱ्या कुणाच्या मुलाला वेगळा लिम्फोमा असेल तर हे जसंच्या तसं लावू नका. बर्किट नावाच्या लिम्फोमात पेशी एक-दोन दिवसांत दुप्पट होतात, तिथे जे करायचं ते दिवसांच्या हिशोबात, शेकाचा उपयोग जवळजवळ नाही, आणि उलटला तर वाचवणं फार कठीण, म्हणून सगळा जोर पहिल्याच वेळी लावायचा. त्यात रिटुक्सिमॅब नावाच्या औषधाने मोठं काम केलंय, ॲडव्हान्स आजाराच्या मुलांत तीन वर्षांनी आजार न उलटता ठीक असलेल्यांचं प्रमाण ८२ वरून ९४ टक्क्यांवर गेलं, २०२० मध्ये छापून आलं. पण रिटुक्सिमॅबचा रेणू अवाढव्य, रक्तातल्याच्या हजारातला एखादा भाग डोक्यात पोचतो, म्हणजे डोक्यासाठी मेथोट्रेक्सेट आणि पाठीतली इंजेक्शनं लागतातच. तसंच एएलके वाला (एएलके ह्या जनुकात बिघाड असलेला) ॲनाप्लास्टिक लिम्फोमा, त्यात क्रिझोटिनिबच्या गोळीने गाठ चार दिवसांत विरघळताना पाहिलीय, पण ती गोळी डोक्यात नीट जात नाही आणि गोळी चालू असतानाच डोक्यात आजार उलटलेली मुलं आहेत. त्यांना अलेक्टिनिब किंवा लॉर्लाटिनिब, ती आत जातात.

पुढच्या काही महिन्यांत एक गोष्ट होऊ शकते, आधीच सांगून ठेवतो. पाठीतल्या मेथोट्रेक्सेटनंतर साधारण दोन दिवस ते दोन आठवड्यांच्या आत एखाद्या मुलाचं बोलणं अचानक बंद होतं, एक हात लुळा पडतो, हुबेहूब लकवा. एक मुलगा असाच आला, नवव्या दिवशी, बाप भिंतीला डोकं टेकून रडत होता की आजार परत आला. एमआरआय केला, औषधाचाच परिणाम निघाला, तिसऱ्या दिवशी पोराने स्वतःच्या तोंडाने वडापाव मागितला. तेव्हा घाबरू नका पण घरीही बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा, कारण रक्ताची गुठळी, इन्फेक्शन, बीपी वाढून आलेली फिट आणि खरा आजार हे सगळं बाहेरून सारखंच दिसतं. आणि एमआरआय व्हायच्या आधी गावात कुणी डेक्सा म्हणजे डेक्सामेथासोनचं इंजेक्शन ठोकलं तर आजाराच्या खुणा काही दिवस पुसल्या जातात आणि आम्ही आंधळे होतो.

राहिली ताई. गोळ्या महिनोन्महिने चुकवल्या तर आजार उलटायचा धोका वाढतो, हे अमेरिकेत मोजून दाखवलंय, त्यामुळे गोळ्यांनी काही फरक पडत नाही असं मी तिला सांगणार नाही. पण तुम्ही लिहिलंय की दोन दिवस एसटीच्या संपामुळे औषध आणता आलं नाही आणि एकदा ताप होता, काउंट (रक्तातल्या पेशींचे आकडे) पडले होते. काउंट पडल्यावर गोळ्या आम्हीच थांबवतो, त्याला चुकणं म्हणत नाहीत. ह्या पेशी बहुतेक सातव्या वर्षापासून तिथे होत्या. दोन दिवसांच्या गोळ्यांनी आल्या नाहीत. हे तिला तुम्ही सांगून पटणार नाही, भावाचं कोण ऐकतं, पुढच्या ओपीडीला तिला घेऊन जा आणि डॉक्टरांना तिच्यासमोर हाच प्रश्न विचारा. जाताना जुनी फाईल, पहिल्या बायोप्सीच्या स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) सोबत ठेवा, ट्रान्सप्लांटवाले ते मागतील, आणि भाच्याच्या धाकट्या बहिणीचं एचएलए टायपिंग (डोनर म्हणून मॅच होते का ते बघायची तपासणी) त्याच दिवशी करून घ्या, रिपोर्ट यायला वेळ लागतो.